आर्म हलवलेला नाही

कामथडीला हायवेच्या सर्व्हिस रोडवर आनंदराव खोपड्यांचा छोटा कारखाना आहे. मोटारीच्या सीटखाली जो लोखंडी सांगाडा असतो, त्याचे ब्रॅकेट तिथे तयार होऊन पुण्याच्या एका कंपनीला जातात. दीड वर्षापूर्वी कंपनीने अट घातली की प्रत्येक लॉटमधले पाच नग मोजून त्याचा कागद सोबत पाठवायचा. तेव्हा आनंदरावांनी मोजणीचा आर्म घेतला.

आर्म दिसायला माणसाच्या हातासारखाच. खांदा, कोपर, मनगट, आणि बोटांच्या जागी एक दांडी. दांडीच्या टोकाला हरभऱ्याहून लहान अशी माणकाची गोळी. ती वस्तूवर जिथे टेकवाल ती जागा संगणकाच्या पडद्यावर आकड्यांत उमटते. यंत्राला धूळ आणि उकाडा सोसत नाही म्हणून त्याला वेगळी खोली, एसी आणि जाड लोखंडी टेबल दिलेलं होतं. खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, त्यामुळे कामगार तिला देवघर म्हणत. आनंदरावांना हे नाव आवडायचं.

या खोलीत राजनंदिनी काम करायची. मार्गासनीची मुलगी, आयटीआय केलेली. आधी ती पॅकिंगला होती, मग आर्म आला तेव्हा शिकवायला आलेल्या माणसाने सगळ्यांना एकेकदा गोळी टेकवायला लावली आणि हिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, हिला द्या. वर्षभर तिच्या मोजणीत काही खोट निघाली नाही.

दसरा झाला आणि आकडे बिघडले. सकाळी बरोबर मोजलेला ब्रॅकेट दुपारी चुकीचा निघे. चुकीचा म्हणून बाजूला ठेवलेला दुसऱ्या दिवशी बरोबर निघे. एक लॉट कंपनीतून परत आला. दुसराही आला. आनंदरावांनी दोन दिवस विचार केला आणि निष्कर्ष काढला की पोरीचा हात थरथरतो.

"असं होतं एकेकाचं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "जागरणानं होतं, चहानं होतं. तू परत पॅकिंगला जा. हनुमंत बघेल आर्म."

हनुमंत हा त्यांचा पुतण्या. आर्मकडे त्याचा पहिल्यापासून डोळा होता, कारण कारखान्यात एसी तेवढ्याच खोलीत होता.

राजनंदिनी पॅकिंगला गेली. घरी जाऊन मात्र तिने सुईत दोरा ओवायला घेतला. रोज संध्याकाळी वीस वेळा. एकोणीस वेळा जायचा. विसाव्या वेळेला आई विचारायची, "आता काय शिवायचंय?" आणि तिचा नेम चुकायचा. आठवडाभरात तिची स्वतःचीच खात्री डळमळली. चहाचा कप उचलतानाही ती कपातल्या चहाकडे बघत राही.

हनुमंतने चार दिवस मोजणी केली. त्यात एकही ब्रॅकेट बरोबर निघाला नाही. मग कंपनीच्या चैत्राली मॅडमचा फोन आला. यंत्र तपासून घ्या, रिपोर्ट पाठवा, तोवर माल पाठवू नका.

यंत्र तपासायला पुण्याच्या प्रयोगशाळेने नुजहतला पाठवलं. ती भोरचीच. तिथून स्कूटरवर कामथडी जवळ, म्हणून हे काम तिच्याकडे आलं. तिच्या वडिलांचा, इस्माईलभाईंचा, भोरात लोखंड कातायचा लेथ होता. लहानपणापासून तिचे कान यंत्राच्या आवाजाला आणि नाक कटिंग ऑइलच्या वासाला सरावलेलं होतं. सकाळी नऊला ती पोचली तेव्हा प्रत्येक मशीनवर दसऱ्याचे सुकलेले झेंडू लटकत होते. आर्मच्या बुडाभोवतीही जाड माळ गुंडाळलेली होती.

"ही माळ काढू का?" तिने विचारलं.

"दिवाळीला नवी घालतो, तेव्हाच जुनी उतरते," आनंदराव म्हणाले. "तुमच्या कामाला अडचण आहे का तिची?"

तिने आर्मचं बूड दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. बुडात चुंबक असतं, ते लोखंडी टेबलाला घट्ट चिकटलेलं होतं. हललं नाही.

"बेस बसवल्यापासून कुणी हलवलाय?"

"छे," आनंदराव म्हणाले. "बसवणारा माणूस सांगून गेलाय, हलवायचा न्हाई म्हणून. हे बघा, स्टिकरच लावलाय."

स्टिकर खरंच होता. त्यावर 'हलवू नये' असं लिहिलेलं होतं. तिने वहीत नोंद केली: बेस हलवलेला नाही.

तपासणी ऐकायला साधी आहे. एका पोलादी ठोकळ्यात लहानशी खोबण असते. तिच्यात गोळी बसवायची आणि गोळी जागेवर ठेवून आर्मचं कोपर डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवायचं. दर वेळी एक नोंद घ्यायची. गोळी हललेली नाही, तेव्हा आकडाही तोच यायला हवा. दहा वेळा मोजून आकडे किती पसरतात त्यावरून यंत्र कळतं. त्यानंतर अचूक लांबी माहीत असलेली एक पट्टी वेगवेगळ्या जागी ठेवून मोजायची. पहिल्या चाचणीत यंत्र स्वतःशी किती प्रामाणिक आहे ते कळतं, दुसरीत जगाशी किती.

नुजहतने दहा नोंदी घेतल्या. उजवीकडच्या पाच एकमेकींना चिकटून होत्या. डावीकडे, खिडकीच्या बाजूला, कोपर नेलं की आकडा एकशे चाळीस मायक्रॉनने उडी मारे. म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढा. एवढं त्या यंत्रात चालत नाही.

"तुमचापण हात थरथरतोय," आनंदराव काळजीने म्हणाले. "स्कूटरवरनं आलात, त्यानं असेल."

"मग ज्या रोज मोजायच्या त्यांना बोलवा."

पॅकिंगमधून राजनंदिनीला बोलावलं. ती दारात चपला काढून आत आली, ओढणीला हात पुसले आणि दहा नोंदी घेतल्या. उजवीकडे सगळं छान. डावीकडे एकशे अडतीस. तिने पडद्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

"बघितलंत?" आनंदराव म्हणाले. "हिचंबी तसंच."

"माझंही तसंच आलं की," नुजहत म्हणाली. "तुम्ही घ्या दहा."

आनंदरावांनी बाह्या सरसावल्या. यंत्राला नमस्कार केला, दांडी मुठीत आवळली आणि गोळी खोबणीत अशी दाबली की खिळाच ठोकायचा आहे. तीनशे दहा मायक्रॉन. मग हनुमंतची पाळी आली; त्याच्या पाचव्या नोंदीला गोळी खोबणीतून सुटून टेबलावर आपटली. नुजहतने त्याच्या हातातून आर्म काढून घेतला आणि राहिलेल्या पाच नोंदींची जरूर नाही असं सांगितलं.

"म्हणजे चौघांचेबी हात थरथरतात?" आनंदरावांनी विचारलं.

"चौघांचे हात एकाच बाजूला थरथरतील कसे? खिडकीकडेच बिघडतंय."

खिडकीचा विषय निघाला तसे आनंदराव एकदम हुशारले. खिडकीपलीकडे हायवे होता. कंटेनर गेला की कारखान्याचे पत्रे वाजायचे. "धक्के बसतात," ते म्हणाले. "मी पहिल्यापासनं सांगतोय." पहिल्यापासून त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, पण कुणी हटकलं नाही.

हनुमंतला मोबाईल देऊन हायवेच्या कडेला उभं केलं. गाडी नसेल तेव्हा त्याने सांगायचं आणि नुजहतने त्या क्षणी नोंद घ्यायची. फोन स्पीकरवर टाकला.

"काका, आता नका घिऊ," हनुमंत म्हणाला. "आता कंटेनर हाय. आता एसटी. स्वारगेटची दिसती."

"कुठली हाय ते नको सांगू."

"आता दोन ट्रक हायेत. त्याच्यामागं टेम्पो. टेम्पो बारका हाय, चालंल का?"

"बारकाबी नको."

पंचवीस मिनिटं पुणे-सातारा रस्ता मोकळा झाला नाही. शेवटी हनुमंतचा आवाज आला, "आता घ्या, आता कायबी न्हाई, घ्या घ्या," आणि नुजहतने नोंद घेतली. एकशे चाळीस. आनंदराव पडद्याकडे बघत राहिले. रस्ता मोकळा असताना एवढं मोठं कारण हातातून निसटल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नुजहतने खाली वाकून टेबलाचे पाय पाहिले, केबल पाहिली, एसीची हवा कुठे लागते ते पाहिलं. मग पुन्हा त्या माळेपाशी आली.

"बेस एकदा उचलून बघते."

"न्हाई मॅडम. तेवढं न्हाई. वर्षभर जागचा हललेला न्हाई तो."

राजनंदिनी भिंतीपाशी उभी होती. तिने आधी आनंदरावांकडे पाहिलं, मग नुजहतकडे, मग ठोकळ्याकडे बघत म्हणाली, "बेसच्या कडंला मार्करची रेघ हुती. बसवणाऱ्यानं मारलेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी म्या आले तर रेघ न्हवती. टेबल लई चकचकीत हुतं."

"हे आधी का नाही सांगितलं?" नुजहतने विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाई. हाताचंच चाललं हुतं सगळं."

आनंदराव खाकरले. "टेबल धुतलं होतं. दसऱ्याला सगळंच धुतात. धुतलं म्हणजे आर्म हलवला असं न्हाई."

"मग रेघ कशी पुसली गेली? ती बेसच्या अगदी कडेला असते."

"उचलला होता," आनंदराव म्हणाले. "मी अन् सौभाग्यवतींनी, सकाळी सहाला. पण उचलला म्हणजे हलवला असं न्हाई. जसा होता तसाच ठेवला."

नुजहतने वहीतली 'बेस हलवलेला नाही' ही नोंद खोडली.

"अहो, एवढ्या मोठ्या यंत्राची पूजा नुसती वरनं कशी करायची?" त्यांनी स्वतःच विचारलं. "पायाशी नको का हळदकुंकू?"

नुजहतला हसू येत होतं, पण तिने ते गालातच ठेवलं. वडिलांच्या लेथवर दर खंडेनवमीला कारागीर कुंकवाची बोटं ओढायचे आणि इस्माईलभाई सगळ्यांना पेढे वाटायचे. पूजेचं तिला नवल नव्हतं. पण या पूजेखाली जे काही सापडेल त्याला आपण हात लावायचा की कसं, हे तिला कळेना. तिने चुंबकाची कळ फिरवली, आर्म धरला आणि राजनंदिनीला म्हणाली, "माळ तू काढ. खाली काय आहे तेही तूच बघ."

माळ काढली. आर्म उचलला. टेबलावर कुंकवाचं गोल कडं उमटलेलं होतं. खिडकीच्या बाजूला, बेसची कड जिथे टेकायची बरोबर तिथे, तांदळाचा एक लाल दाणा होता. दाबून चपटा झाला होता, पण मोडलेला नव्हता. बाकीच्या अक्षता कडेच्या बाहेर सांडल्या होत्या आणि माळेने झाकल्या गेल्या होत्या.

नुजहतने समजावून सांगितलं. चुंबकाने बूड ओढून धरल्यामुळे नुसतं हाताने हलवलं तर ते हलत नव्हतं. आर्म लांब करून खिडकीकडे नेला की त्याचं सगळं वजन त्या दाण्यावर यायचं आणि बूड केसभर कलायचं. म्हणून डावीकडचा आकडा उडत होता, आणि ब्रॅकेट कुठल्या बाजूला ठेवून मोजला त्यावर तो बरोबर की चुकीचा ते ठरत होतं.

टेबल पुसलं, बूड पुसलं, आर्म बसवला. मग हातांची ऊब उतरावी म्हणून सगळं यंत्र तासभर निवायला ठेवलं आणि पुन्हा नोंदी घेतल्या. नुजहतच्या दहा नोंदींचा पसारा सव्वीस मायक्रॉन. राजनंदिनीचा एकोणीस. लांबीची पट्टी सात जागी ठेवून मोजली. सातही ठिकाणी उत्तर मर्यादेच्या आत.

"एकोणीस," नुजहत म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगले आहेत. एवढे मी आमच्या प्रयोगशाळेतही फारसे पाहिले नाहीत."

राजनंदिनीने उजवा हात डोळ्यांसमोर धरून दोन्ही बाजूंनी बघितला. मग ती बाहेर नळावर जाऊन बराच वेळ तोंड धुत राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, आणि साबण गेला म्हणाली. नळावर साबण नव्हता.

आता रिपोर्ट लिहायचा होता. नुजहतने लॅपटॉप उघडला. 'आढळलेला दोष' या रकान्यापाशी आनंदराव तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"काय लिहिताय?"

"बेसखाली अक्षतांचा दाणा आढळला."

"अक्षता नका लिहू. त्यांना वाटंल आमी यंत्र पूजेवर चालवतो."

"मग तांदळाचा दाणा लिहिते."

"तांदूळ लिहिलं की म्हणतील, कामगार यंत्रावर बसून डबा खातात."

"धान्याचा कण?"

आनंदरावांनी विचार केला. "त्यानं उंदीर आहेत असं वाटंल."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी सरोजताई डबा घेऊन आल्या. इंद्रायणीचा भात, घेवड्याची आमटी, वर पापड. नुजहत येणार म्हणून त्यांनी जास्त आणलं होतं. काय झालं ते आनंदरावांनी हळू आवाजात सांगितलं आणि शेवटी जोडलं, "रेशनचा तांदूळ असणार तो. जाड दिसतोय."

सरोजताईंनी डबा खाली ठेवला. आपल्या पूजेने दोन लॉट परत आले याचं त्यांनी काही वाटून घेतलं नाही. रेशनचा तांदूळ मात्र त्यांना लागला.

"अहो, उत्रोलीच्या माझ्या भावाच्या शेतातला तांदूळ आहे तो. निवडून घेतलेला. अक्षतांना तुटका दाणा चालत नाही, अक्षत म्हणजेच न तुटलेला. बघू तो दाणा."

दाणा दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेऊन उजेडात धरला.

"एवढं यंत्र दोन आठवडे वर उभं होतं आणि तुटला का? रेशनचा असता तर पहिल्या दिवशीच पीठ झालं असतं."

"पीठ झालं असतं तर बरं झालं असतं, काकू," नुजहत म्हणाली. "आकडे बिघडले नसते."

सरोजताईंना हा तांदळाचा गौरव वाटला. त्यांनी नुजहतला भात वाढला, राजनंदिनीला जवळ बसवून तिलाही वाढला आणि नवऱ्याला विचारलं, "ही पोर पॅकिंगला का बसवली होती?"

"तिचा हात थरथरतो असं वाटलं होतं."

"कुणाला वाटलं होतं?"

आनंदरावांनी पापड मोडला आणि आमटी छान झाली आहे म्हणून सांगितलं.

रिपोर्टमध्ये शेवटी गेलं ते असं: 'बेसखाली पूजेच्या अक्षतांमधील एक दाणा आढळला. तो काढून बेस स्वच्छ करून पुन्हा बसवल्यावर यंत्राची मोजणी मर्यादेत आहे.' नुजहतने खरं तेच लिहायचं ठरवलं होतं आणि आमटीचा दुसरा वाडगा घेतल्यावरही ती बदलली नाही. खाली मोजणी करणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती. तिथे तिने राजनंदिनीचं नाव आणि तिचे आकडे घातले. राजनंदिनीने त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला.

दोन दिवसांनी चैत्राली मॅडमचा फोन आला. आनंदराव हातातलं काम टाकून उभे राहून बोलले. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माल पाठवा म्हणाल्या. पण त्यांच्या नियमाप्रमाणे एक फॉर्म भरायचा होता. काय चुकलं, कोणाकडून चुकलं, आणि त्या व्यक्तीला पुन्हा प्रशिक्षण दिल्याचा पुरावा. प्रशिक्षण कोणी दिलं, परीक्षेत किती गुण मिळाले, दोघांच्या सह्या.

"त्या व्यक्तीला म्हणजे?" आनंदरावांनी विचारलं.

"ज्यांनी बेस उचलला त्यांना."

आनंदरावांनी फोन ठेवला आणि मेलवर आलेला फॉर्म छापून समोर घेतला. हनुमंतचं नाव घालता येईल का असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात हनुमंत समोरून गेला, आणि का कोण जाणे, त्यांना ते जमलं नाही.

शनिवारी जेवणानंतर ते चपला बाहेर काढून देवघरात गेले. राजनंदिनी आपल्या जुन्या खुर्चीत बसली होती. तिने त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. समोर कोरा कागद आणि पेन होतं.

"पोरी, तुला मी तेव्हा जे बोललो ना," आनंदराव म्हणाले आणि थांबले. "ते तसं बोलायला नको होतं."

"व्हय अण्णा," राजनंदिनी म्हणाली. "नको हुतं." मग तिने चुंबकाची कळ दाखवली. "ही अशी फिरवली की बूड सुटतं."

अर्धा तास तिने शिकवलं. बूड कसं सोडायचं, कशाने पुसायचं, रेघ कुठे मारायची, बसवल्यावर दहा नोंदी कशा घ्यायच्या. आनंदरावांनी मधे तीनदा फोन घेतला. तिसऱ्या वेळी तिने फोन बाहेर ठेवायला सांगितला आणि त्यांनी ठेवला. मग पाच प्रश्नांची परीक्षा झाली. त्यांनी शाळकरी पोरासारखा कागदावर हात आडवा धरून उत्तरं लिहिली. राजनंदिनीने लाल पेनाने तपासली आणि वर चार लिहिलं.

"चार कसे?"

"पाचवं चुकलंय. आर्म बसवताना बेसखाली काय असावं, असा प्रश्न हाय. तुमी लिवलंय, स्वच्छ फडकं."

"मग? घाण फडकं कुठं लिहिलंय?"

"फडक्यानं पुसायचं अन् फडकं काढून घ्यायचं. खाली काईच नको."

"स्वच्छ लिहिलंय ना मी."

"स्वच्छ असलं तरीबी न्हाई."

"पुसायला फडकं लागतं, हे तरी मान्य आहे का? अर्धा दे."

"अर्धा नसतो ह्यात."

आनंदरावांनी दाराबाहेर पाहिलं. वेल्डिंगची दोन माणसं उगीचच पाणी प्यायला आल्यासारखी काचेपाशी उभी होती. त्यांनी पेन उचललं, प्रशिक्षण घेणाऱ्याच्या जागी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने आपली सही केली, तारीख घातली, आणि पाचव्या प्रश्नाचं बरोबर उत्तर त्यांच्याकडून खाली तीन वेळा लिहून घेतलं.